एका तारेत दोन दिवे

बाळाचं डोकं बाहेर आलं आणि दिवा गेला.

खोलीला खिडकी नव्हती. बाहेर तिन्हीसांज असली तरी आत रांजणात उतरल्यासारखा काळोख झाला. सुईण म्हातारी होती, अर्ध्या पेठेला तिनं जगात आणलं होतं, पण तीही ओरडली, "आगं बया बया! नाळ गळ्याभवती आवळलीय पोराच्या. सुटंना. कापाय पायजे. आन् मी काय कापू अंधारात? उजेड द्या, आवं, कुणीतरी उजेड द्या!"

हा दिवा घालवला आमच्या थोरल्या दिरांनी. आणि विजेचा दिवा जगवण्यात साऱ्या सातारा जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा माणूस नव्हता, हे मी आजही कुणापुढंही सांगेन. दिवे जगवण्यापलीकडं त्यांनी जन्मात दुसरं काही केलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. मला तिथं तशीच पडून राहू द्या आणि आधी माणूस ऐकून घ्या, नाहीतर त्या काळोखाचा अर्थ लागायचा नाही.

घरात सगळे त्यांना थोरले म्हणत. उंच, वाळके, आणि चालणं असं की ओसरीवरून निघाले की परसात पोचेपर्यंत आमटीला उकळी यावी. पहिल्या जर्मन लढाईत ते फौजेत होते. आमच्या घराण्यातले पुरुष फौजेत जात ते बंदूक धरायला. हे गेले आणि त्यांना बसऱ्याला सामानाच्या कोठारावर बसवलं. तिथं विजेचे दिवे मोजून द्यायचे आणि जळालेले मोजून परत घ्यायचे, एवढंच काम. तिथल्या कुणा साहेबानं त्यांना सांगितलं, की दिवा वापरानं मरत नाही, दाबानं मरतो. बाकीचे लोक लढाईवरून बिल्ले घेऊन आले, थोरले हे वाक्य घेऊन आले. पेठेत वीज आली आणि आमच्या घरात तारा ओढल्या, त्या दिवसापासून त्यांच्या अंगात जे आलं ते शेवटपर्यंत उतरलं नाही.

दाबाला ते होल्टेज म्हणत. समोर कोण आहे हे न बघता समजावून सांगत. दूध घालायला आलेल्या गवळ्यालासुद्धा चरवी हातात धरून उभं राहून ऐकावं लागे. "हे बघ गड्या, ह्या काचंत केसावाणी तार असती. जितका जोर घालशील तितकी ती तापती, आन् तापली की झिजती. होल्टेज इसाला एकानं वाढलं, की दिव्याचं आयुष्य निम्मं. समजलं का? इसाला एक, आन् आयुष्य निम्मं."

गवळी म्हणाला, "आन् कमी केलं म्हंजी?"

"कमी केलं की आयुष्य वाढतंय. लय वाढतंय."

"आन् उजेड वो?"

"उजेडाचं काय घिऊन बसलाय तू!" असं म्हणून थोरल्यांनी त्याच्याकडं अशी काही नजर टाकली, की बिचारा दूध मापायचं विसरून गेला.

हे सगळं खरं होतं, बरं का. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण पुढं माझ्या मुलीनं कॉलेजात शिकून येऊन सांगितलं, की त्यांचं इसाला एक अगदी बरोबर होतं. थोरले कधी चुकीचं बोलत नसत. बरोबर बोलण्यानं माणसं किती छळली जातात, ते आमच्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही.

त्या वेळी साताऱ्याची वीज म्हणजे इंजिनावर चालणारी. संध्याकाळी सगळ्या पेठांतले दिवे एकदम लागले, की तिला दम लागायचा आणि दिवे मलूल व्हायचे. मग दुकानं बंद झाली, की तिला जोर यायचा आणि दिवे झगझगीत. साऱ्या गावाची पद्धत अशी, की मलूल असले की कुरकुरायचं आणि झगझगीत झाले की शिवणटिपण घेऊन बसायचं. आमच्याकडं उलट. दिवे मलूल असेपर्यंत ते लावायची परवानगी होती. उजेड जरा वर आला, की थोरले ओसरीवरून उठून "चढलं! चढलं!" करत येत आणि बटण बंद करत. त्यांच्या आयुष्यात घाईनं चाललेली हीच तेवढी पावलं. म्हणजे दिसत नसे तेव्हा दिवा असायचा आणि दिसायला लागलं की अंधार. जाऊबाई सुईत दोरा घालून बसलेल्या असायच्या. त्या दोरा दातात धरून म्हणायच्या, "झालं. उजाडलं आन् मावळलं."

गावातले लोक वीज कंपनीकडं तक्रार न्यायचे, की दाब कमी येतो. आमचे थोरले एकटेच तक्रार घेऊन गेले, की दाब जास्त येतो. तिथल्या कारकुनानं तीन वेळा विचारलं, "जास्त?" यांनी तीन वेळा सांगितलं, "जास्त." कारकुनानं आत जाऊन वरच्याला बोलावून आणलं, वरचा आला, त्यानं यांच्याकडं बघितलं, आणि दोघांनी मिळून यांना चहा पाजला. थोरले घरी येऊन म्हणाले, "माणसं समजूतदार हायत." माझ्या मते त्यांनी वेड्याला खूश करून वाटेला लावला होता.

कंपनी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी आपल्या हातानं उपाय केला. ओसरीवरचा दिवा आणि आतल्या खोलीतला दिवा त्यांनी एका तारेत ओवला. वीज आधी ओसरीवरच्या दिव्यात शिरायची, तिथून निघून आतल्या खोलीतल्या दिव्यात जायची आणि मग परत. एकाच्या वाटणीचा जोर दोघांत. बैल एक आणि नांगर दोन, असला प्रकार. त्यामुळं दोन्ही दिवे जे काही करत त्याला पेटणं म्हणवत नाही. राखेखालचा निखारा कसा दिसतो, तसे ते काचेच्या आत तांबडे दिसत. आणि यातला एक काढला, की वाट तुटून दुसराही जाई. थोरले ओसरीवरचा दिवा पुसायला उतरवत, की आतल्या खोलीतून जाऊबाईंची शिवी ऐकू यायची. पण दिवे जगले. त्यांच्याबरोबरचे शेजारच्या घरांतले दिवे कधीच मातीला मिळाले, आमचे मात्र होते तसेच. थोरले आल्यागेल्याला बोट दाखवून सांगायचे, "हा माझ्या लग्नाच्या बाराव्या वर्षी लावलेला. अजून केस पिकला न्हाई."

माझे वडील लोणंदजवळच्या खेड्यातून मला बघायला आले होते. त्यांच्या घरी वीज नव्हती, लेकीच्या घरी वीज आहे याची त्यांना फार ऐट. रात्रीचं जेवण त्या तांबड्या उजेडात झालं. वडिलांनी पानातली मिरची भेंडी समजून खाल्ली आणि पाव्हण्याच्या घरी ओरडू नये म्हणून डोळ्यांतून पाणी गाळत गप्प बसले. थोरल्यांना वाटलं, माणूस विजेचा उजेड बघून गहिवरला. निघताना वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, चिमणी पाठवून देऊ का गं?"

आता हे सगळं दिव्यापुरतं राहिलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. पण थोरल्यांनी तेच गणित माणसांना लावलं. माणसाच्या आतही तारच असते, ती पुऱ्या जोरावर चालवली की झिजते. म्हणून ते घास इतका चावत, की त्यांचं ताट घासायला बसलेल्या बाईला डुलकी लागायची. शिंक आली तर नाक धरून आत दाबत. शिंकेत म्हणे फार जोर जातो. बैलगाडीत बसले तर बैलांना पळू देत नसत. जाऊबाई तरुणपणी मोठ्यानं हसायच्या असं म्हणतात. मी घरात आले तोवर ते हसणं त्यांनी दोन दिव्यांत वाटून टाकलं होतं. या नवराबायकोला मूल नव्हतं, आणि पेठेतल्या बायका पाण्यावर काय बोलत ते मी लिहिते, कारण लिहायला आता कुणाची भीती नाही. त्या म्हणत, "तिथं बी होल्टेज कमीच आसंल."

माझे मालक थोरल्यांचे धाकटे भाऊ. दुसरी लढाई लागली तेव्हा तेही फौजेत होते, आणि सुट्टी संपवून ब्रह्मदेशाकडं जायला निघाले, तेव्हा मला दिवस गेले होते. सातारा रोडच्या ठेसनावर इतरांचे भाऊ, बाप "नाव काढ" म्हणून पाठीवर थाप मारत होते. आमच्या थोरल्यांनी भावाला खांबाआड नेलं आणि सांगितलं, "हे बघ, पुढं पुढं करू नगंस. मधल्या रांगंत ऱ्हा. आन् ओरडत पळू नगंस, निस्तं पळ." मालक हसले. थोरले हसले नाहीत. गाडी हलली तेव्हा ते खांबाला हात लावून उभे होते, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही जाऊबाईंनी दोनदा सांगेपर्यंत हलले नाहीत.

तेव्हापासून माझी जबाबदारी त्यांची. ती त्यांनी कशी पार पाडली म्हणाल, तर मला पायरी उतरू दिली नाही, कांडप करू दिलं नाही, आणि पोटातलं मूल लाथ मारतं असं कानावर गेलं तेव्हा काळजीनं म्हणाले, "एवढा जोर आत्तापासनं कशाला?" हे माझ्याशी नाही, जाऊबाईंशी. आमच्यात थोरल्या दिराशी धाकटी सून बोलत नसे. पदर कपाळावर ओढून भिंतीशी उभं राहायचं आणि काही सांगायचं असलं तर जाऊबाईंना सांगायचं. ते तिथंच चार हातांवर बसलेले असले तरी. "बाई, थोरल्यांना म्हणावं, पाणी काढलंय." मग जाऊबाई त्यांना सांगत, "पाणी काढलंय." आणि ते जाऊबाईंना सांगत, "तिला म्हणावं, येतो." लग्न होऊन मला कितीतरी वर्षं झाली होती, आमचा एकमेकांशी एक शब्द झाला नव्हता. माझा आवाज त्यांनी ऐकला असेल, पण तो कधी त्यांच्याकडं तोंड करून आलेला नव्हता.

तर त्या दिवशी दुपारपासून माझ्या पोटात दुखू लागलं. बाळंतपणाला आतली खोली, म्हणजे एका तारेतल्या दोघांपैकी दुसरा दिवा. रॉकेल लढाईमुळं मिळत नव्हतं, कंदील खुंटीवर कोरडा. सुईण आली, तिनं वर बघितलं आणि जाऊबाईंना विचारलं, "ह्यो दिवा हाय का फोड हाय?" जाऊबाईंनी देवापुढचं निरांजन आणून ठेवलं. त्याच्या उजेडात सुईणीला आपली बोटं दिसायची, त्यापुढचं नाही, आणि माझा पाय लागून ते एकदा विझलं ते पुन्हा लावायला कुणाला सवड झाली नाही. मूल अडलं होतं. सुईण ओरडायला लागली, की मला नीट दिसत नाही, उजेड वाढवा, दुसरा दिवा असला तर आणा.

थोरले दुपारपासून ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. दुसरा दिवा आणा, एवढं त्यांच्या कानावर पडलं. आणि ज्या माणसानं त्या तारा आपल्या हातानं ओवल्या, ज्यानं त्यांचं गणित अख्ख्या पेठेला तोंडपाठ करायला लावलं, तो माणूस तिवईवर चढला आणि ओसरीवरचा दिवा आतल्या खोलीत न्यायला म्हणून फिरवून काढला.

तिथून मी सांगायला सुरुवात केली होती.

अंधार झाला तसं जाऊबाई दाराकडं धावल्या आणि उंबऱ्याला अडखळून पडल्या. सुईण ओरडत होती. बाळाचं डोकं बाहेर आणि बाकीचं माझ्यात. मला एवढं समजत होतं, की ते रडत नाही आणि त्याला श्वास घ्यायला वाट नाही. ओसरीवरून काहीच आवाज येत नव्हता. नंतर जाऊबाईंनी सांगितलं, की थोरले तिवईवर उभे होते, दिवा हातात, आणि त्याच्याकडं बघत होते. आपण काय केलं ते त्यांना समजलं होतं, आणि समजल्यामुळंच हात चालत नव्हते. तो दिवा परत बसवला असता तरी पुन्हा तो तांबडा अंधारच आला असता.

मग मी ओरडले. जाऊबाईंच्या मार्फत नाही.

"आवं थोरलं! घाला की तुमचं होल्टेज! सगळं घाला! मरतंय हितं माझं पोर, कुणासाठी राखून ठिवताय?"

भिंत आडवी होती, पण माझं तोंड त्यांच्याकडं होतं.

ओसरीवर काहीतरी फुटलं. तो दिवा होता; त्यांनी तो ठेवला नाही, टाकला. दिवा बसवायची पितळी टोपी त्यांनी उपटून काढली, खांद्यावरचं उपरणं हाताला गुंडाळलं आणि तारेची दोन्ही उघडी टोकं धरून एकमेकांना लावली. मेन बंद केला नाही. मेन बंद केल्याशिवाय जे दिव्यावरची धूळ पुसत नसत, त्यांनी मेन बंद केला नाही. ठिणग्या उडाल्या, आणि माझ्या डोक्यावरचा दिवा पेटला.

त्या खोलीला कोपरे आहेत हे मला तेव्हा कळलं. भिंतीवरची जळमटं, सुईणीच्या कपाळावरचं गोंदण, माझे स्वतःचे गुडघे, सगळं पांढरं लख्ख. इतकी वर्षं अर्धपोटी ठेवलेला दिवा पहिल्यांदा पोटभर जेवत होता. सुईण म्हणाली, "निळं पडलंय," आणि खाली वाकली. तारा आखूड होत्या, टोकं एकमेकांना पीळ धरत नव्हती. थोरल्यांना ती हातानंच दाबून धरावी लागली. हात जरा हलला की दिवा मिचकायचा.

"हलवू नगा वो!" सुईण ओरडली.

"न्हाई हलवत!" तिकडून आवाज आला. "दिसतंय का? पुरं हाय त्ये. ह्याच्या वर न्हाई आपल्याकडं."

"पुरं हाय, पुरं हाय. ऱ्हावा तसंच."

एकदा दिवा जोरात मिचकला आणि ओसरीवरून "आई गं" ऐकू आलं. त्यांना झटका बसला होता. जाऊबाई म्हणाल्या, "सोडा, आवं, मराल!" ते म्हणाले, "जळू दे." दिव्याबद्दल म्हणाले की स्वतःबद्दल, हे जाऊबाईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. सुईणीनं दोन ठिकाणी दोरा आवळला, मधे कापलं, बाळ ओढून घेतलं, पालथं धरलं आणि पाठीवर चापटी मारली. एक मारली, आणखी एक मारली. मी दिव्याकडं बघत होते, कारण बाळाकडं बघायचा धीर नव्हता. मग ते रडलं, पुऱ्या जोरानं, आणि त्या घरात इतकं मोठ्यानं कुणी रडल्याला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक.

"काय झालं?" ओसरीवरून विचारलं.

मी म्हणाले, "पोरगी हाय."

"बरं," ते म्हणाले.

एवढंच आमचं बोलणं. त्यानंतर मी पुन्हा पदर ओढला, ते पुन्हा जाऊबाईंना सांगू लागले, "तिला म्हणावं, शेपूची भाजी आणलीय." त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती, ती पुढं कधी नीट मिटली नाहीत. माणूस सुधारला असं मात्र समजू नका. बोटं बांधलेली असतानाच त्यांनी ओसरीसाठी नवा दिवा आणला, तो बैलाचे दात बघावेत तसा उलटासुलटा करून बघितला आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याबरोबर एका तारेत ओवला. जाऊबाईंचा पोळ्या करायचा उजेड गेला तो गेलाच. फक्त माझ्या खोलीचा दिवा त्यांनी वेगळा केला, आणि तिथं जोर चढला तरी ते बटणाकडं आले नाहीत. तो दिवा मुलगी रांगायला लागण्याआधी गेला. त्यांनी तो उतरवला, कानाशी धरून हलवला आणि दुसरा लावला. मुलगी मोठी होऊन त्या दिव्याखाली शाळेचं वाचायला बसे, तेव्हा ते दाराशी येऊन उभे राहत, उजेडाकडं बघून डोळे बारीक करत, आणि मग आपल्या तांबड्या ओसरीवर जाऊन बसत. मालक लढाईवरून परत आले. मधल्या रांगेत राहिले होते की नाही ते त्यांनी सांगितलं नाही.

थोरले पुष्कळ जगले. त्यांचं गणित त्यांनी स्वतःवर खरं करून दाखवलं. शेवटच्या आजारात त्यांची नजर गेली होती, आणि जाऊबाई त्यांच्या उशाशी दिवा लावत, तेव्हा ते हात वर करून त्याची ऊब बघत आणि म्हणत, "कमी कर." मी तिथंच भिंतीशी उभी असे. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. पण बोलायलाच हवं अशी अडचण पुन्हा आली नाही आणि अडचणीशिवाय कसं बोलायचं हे मला येत नव्हतं.

त्या तिन्हीसांजेला त्या खोलीत मरायला टेकलेल्या दोघी होत्या, मी आणि माझी मुलगी. आम्ही दोघीही जगलो.